हरणार हे माहीत असताना उभं का केलं? उपराष्ट्रपतिपदाचे अंदाज आणि सोलापूरची एक जोडी

आज माझ्या तिसऱ्या चॅप्टरबद्दल लिहिते. विषय तसा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मोठ्या पदाची निवडणूक आली की 'दुसऱ्या खुर्चीवर कोण?' याचे अंदाज सुरू होतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्यासोबत उपाध्यक्षपदासाठी कोणाला घेणार, यावर महिनोन्‌महिने चर्चा चालते. आपल्याकडे उपराष्ट्रपती कोण, उपमुख्यमंत्री कोण. टीव्हीवर सहा चौकटींत सहा फोटो, खाली 'सूत्रांची माहिती', आणि प्रत्येक फोटोखाली एकेक विशेषण: दलित चेहरा, ओबीसी चेहरा, महिला चेहरा, दक्षिणेतला चेहरा.

मी या बातम्यांवर पीएचडी करते. म्हणजे कोण होणार हे सांगायला नाही (घरचे अजून तेच विचारतात), तर हे अंदाज बांधले कसे जातात आणि ते वाचून आपल्याला नक्की काय कळतं, हे बघायला. ही पोस्ट त्या बातम्यांवरची टीका आहे. त्यात माझ्या स्वतःच्या कामावरची टीकाही आलीच, ती पुढे सांगते.

ऑगस्ट २००२

१२ ऑगस्ट २००२ रोजी उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. एका बाजूला एनडीएचे भैरोंसिंह शेखावत, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे, म्हणजे सोलापूरचे तेव्हाचे खासदार. शेखावतांना ४५४ मतं, शिंद्यांना ३०५.

मी तेव्हा चौथीत होते. आमच्या घरी राजकारण म्हणजे काका पेपर वाचणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. काका पॉवरलूमवर कामाला होते. शिंद्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा गल्लीत कौतुक चाललेलं, सोलापूरचा माणूस दिल्लीत एवढ्या वर जातोय म्हणून. काकांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आरं, मतं तर मोजलेलीच हायत. मग साहेबांना हुबं कशाला केलंय?"

त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. पुढे जुने पेपर चाळायला लागले तेव्हा लक्षात आलं की अंदाजाच्या बातम्याही या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. कारण त्या 'कोण' एवढंच विचारतात. 'कशाला' हा त्यांचा प्रश्नच नसतो.

मुळात आपल्याकडे जोडी असते का?

आधी एक साधी गोष्ट स्पष्ट करते, कारण बरीच गडबड इथूनच सुरू होते.

अमेरिकेत मतदार एकाच मतात जोडी निवडतो. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, असं मत त्याला देता येत नाही. म्हणून 'जोडीदार कोण' या प्रश्नाला तिथे अर्थ आहे. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्या नावाचा हट्ट धरला, तेव्हापासून हा निर्णय पक्षाच्या पुढाऱ्यांकडून हळूहळू उमेदवाराच्या हातात गेला.

आपल्याकडे या दोन वेगवेगळ्या निवडणुका आहेत. राष्ट्रपतीला संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले खासदार आणि राज्यांचे आमदार निवडतात. उपराष्ट्रपतीला फक्त खासदार निवडतात, त्यात नियुक्त खासदारही आले. मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप लागू होत नाही. राष्ट्रपती 'आपला' उपराष्ट्रपती निवडत नाही.

२००२ हे याचं चांगलं उदाहरण आहे. १५ जुलैला राष्ट्रपतिपदासाठी एपीजे अब्दुल कलाम विरुद्ध डाव्यांच्या उमेदवार कॅप्टन लक्ष्मी सेहगल अशी लढत झाली. त्यात काँग्रेस कलामांच्या बाजूने होती, म्हणजे एनडीएच्याच उमेदवाराच्या. महिनाभराच्या आत उपराष्ट्रपतिपदासाठी त्याच काँग्रेसने एनडीएच्या विरोधात शिंद्यांना उभं केलं. आता सांगा, शिंदे कोणाचे जोडीदार? कलामांचे नाहीत, सेहगल यांचेही नाहीत. जोडीच नव्हती.

तरीही आपल्याकडचे अंदाज अमेरिकी साच्यातच येतात. राष्ट्रपती अमुक समाजाचा, म्हणून उपराष्ट्रपती तमुक समाजाचा. एक उत्तरेचा असला तर दुसरा दक्षिणेचा. याला राज्यशास्त्रात समतोलाची थिअरी म्हणतात: पहिल्या उमेदवारात जे नाही, ते दुसऱ्यात असावं.

माझा तक्ता आणि मॅडमचा प्रश्न

मीही याच थिअरीवर काम सुरू केलं होतं. एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रत्येक जोडीसाठी पाच रकाने: जात किंवा धर्म, प्रदेश, वय, लिंग, पक्षातला गट. समतोल जुळला की बरोबरची खूण. तक्ता इतका छान जुळत होता की मी खूश होते. जवळपास प्रत्येक जोडीत कुठला ना कुठला समतोल सापडत होताच.

तो तक्ता बघून माझ्या गाईड मॅडमनी एकच विचारलं: "कुठली जोडी आली असती तर तुझी थिअरी चुकली असती?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि चूक समजायला मला सोलापूर जिल्ह्याबाहेर जावंच लागलं नाही.

१८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री होते राष्ट्रवादीचे छगन भुजबळ. मुख्यमंत्री सोलापूरचे, दलित. उपमुख्यमंत्री मूळचे नाशिकचे, ओबीसी नेते. समतोल अगदी पुस्तकातल्यासारखा. डिसेंबर २००३ मध्ये भुजबळांनी राजीनामा दिला आणि उपमुख्यमंत्री झाले विजयसिंह मोहिते-पाटील, अकलूजचे. म्हणजे मुख्यमंत्री सोलापूर जिल्ह्याचा आणि उपमुख्यमंत्रीही सोलापूर जिल्ह्याचाच!

प्रादेशिक समतोलाच्या थिअरीनुसार हे व्हायलाच नको होतं. विदर्भ, मराठवाडा, कोकण, खान्देश सगळं सोडून दोन्ही खुर्च्या एकाच जिल्ह्यात? बरं, पुढची गंमत बघा. शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी सोडलेल्या सोलापूर लोकसभेच्या जागेवर २००३ मध्ये पोटनिवडणूक झाली. ती जिंकली भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी. ते विजयसिंहांचे भाऊ. म्हणजे ज्या घरातल्या एकाने काँग्रेसची जागा भाजपकडे नेली, त्याच घरातला दुसरा त्याच वर्षी काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याच्या शेजारी बसला.

माझ्या तक्त्यात मात्र याही जोडीपुढे बरोबरची खूण होती. का? प्रदेशाचा रकाना चुकला, पण जातीचा जुळला: एक दलित, एक मराठा. रकाने पाच असले की एक तरी जुळतोच. जो जुळला तोच 'कारण' म्हणून सांगायचा आणि बाकीच्या चारांबद्दल गप्प बसायचं. मी हेच करत होते. अंदाजाच्या बातम्याही हेच करतात.

अमेरिकेतही असाच प्रसंग घडलेला आहे. १९९२ मध्ये आर्कान्सासच्या बिल क्लिंटन यांनी शेजारच्याच टेनेसी राज्यातल्या अल गोर यांना घेतलं. दोघंही दक्षिणेचे, दोघंही चाळिशीतले, विचारांनीही जवळचे. समतोलाचे बरेच रकाने कोरे. ते जिंकले, आणि मग सांगितलं गेलं की समतोल नव्हे, सारखेपणा ठळक करणं हीच खरी खेळी होती. फरक असला तर समतोल, नसला तर ठळकपणा. मग चुकायचं कधी?

सोलापूरच्या जोडीचं खरं उत्तर खूप साधं आहे आणि ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. आघाडी सरकारमध्ये उपमुख्यमंत्री मुख्यमंत्री निवडत नाही, मित्रपक्ष निवडतो. उपमुख्यमंत्रिपदाला राज्यघटनेत वेगळं स्थानही नाही, शपथ मंत्री म्हणूनच असते. ते पद राष्ट्रवादीच्या वाट्याचं होतं आणि तिथे कोण बसणार, हा राष्ट्रवादीच्या अंतर्गत हिशोबाचा भाग होता. शिंदे कुठले, हा त्या हिशोबातला मुख्य प्रश्न नव्हताच. आम्ही दोन माणसांना शेजारी बसवून त्यांच्यातला समतोल शोधत होतो, आणि निर्णय दोन वेगवेगळ्या घरांत झालेले होते.

२०२५: मोजपट्टी तीच, राज्य वेगळं

जुनं उदाहरण झालं, आता नवं. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि चौकटीतले फोटो परत सुरू झाले. बिहारची विधानसभा निवडणूक तोंडावर होती, म्हणून बिहारशी जोडलेली नावं आली: नितीश कुमार, राज्यसभेचे उपसभापती हरिवंश. युक्तिवाद असा, की निवडणूक बिहारमध्ये आहे तर पदही बिहारला जाणार.

ऑगस्टमध्ये एनडीएचं नाव आलं: सी. पी. राधाकृष्णन, महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल, मूळचे तामिळनाडूचे. लगेच स्पष्टीकरणही आलं: २०२६ मध्ये तामिळनाडूत निवडणूक आहे ना! म्हणजे मोजपट्टी तीच ठेवली, फक्त बिहारवरून उचलून तामिळनाडूवर ठेवली. आदल्या दिवसापर्यंत 'जवळची निवडणूक' म्हणजे बिहार होतं, दुसऱ्या दिवशी तामिळनाडू झालं. आपलं आधीचं कारण चुकलं, असं म्हणणारी बातमी मात्र माझ्या वाचनात आली नाही. नाव चुकलं तरी हरकत नाही, अंदाज चुकायचेच. पण कारण चुकलं हे कबूल केलं नाही तर त्यातून शिकायचं काय?

शिवाय या बातम्यांचा दुसराही एक उपयोग असतो, आणि तो वाचकासाठी नसतो. आपण ज्याला 'खडा टाकून बघणं' म्हणतो, ते. कोणीतरी मुद्दाम नाव सोडतो आणि कुठून विरोध येतो ते बघतो. अशा वेळी बातमी अंदाज वर्तवत नसते, ती निर्णयाच्या प्रक्रियेचाच भाग झालेली असते. 'सूत्रांनी सांगितलं' असं वाचलं की सूत्रांना ते का सांगावंसं वाटलं, हे विचारलं पाहिजे.

संशोधन काय सांगतं

अमेरिकेतले दोन अभ्यासक, ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कोपको, यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. सर्वसाधारण समज असा, की उपाध्यक्षपदाचा उमेदवार आपलं राज्य जिंकून देतो. त्यांनी मतांचा डेटा तपासला तेव्हा हा फायदा सरासरीत जवळजवळ नसल्यातच जमा निघाला. २०२० च्या पुस्तकात त्यांचं म्हणणं असं, की जोडीदाराचा परिणाम होतो तो मुख्यतः आडवाटेने. मतदार जोडीदाराकडे बघून अध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल मत बनवतो: हा माणूस निर्णय कसे घेतो, याची समज कशी आहे.

हे निष्कर्ष आहेत तसे उचलून आपल्याकडे लावता येणार नाहीत. उपराष्ट्रपतीसाठी तुम्ही-आम्ही मत देतच नाही. पण त्यातली एक गोष्ट प्रवास करू शकते: निवड ही निवडलेल्या माणसाबद्दल कमी आणि निवडणाऱ्याबद्दल जास्त सांगते. म्हणून फोटो बघायचा असेल तर निवडणाऱ्याचाही बघावा. चौकटीत तो कधीच नसतो.

'चेहरा' या शब्दाचं काय करायचं

माझा खरा राग या शब्दावर आहे.

शिंद्यांची कारकीर्द बघा. सोलापूरच्या न्यायालयात साधी नोकरी, मग पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर, १९७४ साली करमाळ्यातून आमदार, पुढे राज्याचे अर्थमंत्री म्हणून नऊ अर्थसंकल्प. १९९८ आणि १९९९ मध्ये ते सोलापुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा हा मतदारसंघ राखीव नव्हता, खुला होता. म्हणजे सोलापूरच्या मतदाराने त्यांना दोनदा खुल्या जागेवरून निवडून दिलं. तरी उमेदवारीची चर्चा आली की शब्द कुठला? 'दलित चेहरा'.

आणि उलटं बघा. २००९ पासून सोलापूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. 'चेहऱ्या'च्या थिअरीप्रमाणे हा आता हक्काचा गड व्हायला हवा होता. ते २००९ मध्ये जिंकले, पण २०१४ आणि २०१९ मध्ये हरले. खुल्या जागेवर दोन विजय, राखीव जागेवर एक विजय आणि दोन पराभव. 'चेहरा' या शब्दाने यातलं काहीच समजत नाही. समजायचं असेल तर काँग्रेसचं जिल्ह्यातलं बळ, विरोधी उमेदवार, देशातलं वारं, २०१९ मध्ये प्रकाश आंबेडकर रिंगणात असणं, हे सगळं बघावं लागतं.

२०१७ मध्ये तर हे फारच उघड झालं. एनडीएने राष्ट्रपतिपदासाठी रामनाथ कोविंद यांचं नाव जाहीर केलं. त्यानंतर विरोधकांच्या बाजूने ज्या नावांची चर्चा झाली त्यात मीरा कुमार, सुशीलकुमार शिंदे, भालचंद्र मुणगेकर, प्रकाश आंबेडकर अशी नावं होती. लोकसभेच्या माजी अध्यक्ष, माजी गृहमंत्री, अर्थतज्ज्ञ आणि माजी कुलगुरू, आणि स्वतःचा पक्ष चालवणारा नेता. चार माणसांचं राजकारण वेगळं, अनुभव वेगळा. यादीत मात्र चौघंही एकाच कारणासाठी, जणू एकाच्या जागी दुसरा चालेल.

जात हा मुद्दाच नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं होईल. ओळखीचा परिणाम कधी कधी अगदी उघड दिसतो. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या, त्यांच्यासमोर हेच शेखावत होते. शिवसेना एनडीएत असूनही मराठी उमेदवार म्हणून पाटलांच्या मागे उभी राहिली. तिथे एका पक्षाने जाहीर निर्णय घेतला, कारण सांगितलं, आणि आपल्याला ते तपासता आलं. मी मागते ते एवढंच. कोणाचं मत कशामुळे हललं हे दाखवा. नुसता शब्द चिकटवू नका.

काकांच्या प्रश्नाकडे परत

मग २००२ मध्ये उभं का केलं? आतल्या बैठकीत काय ठरलं ते मी सांगू शकत नाही. पण जे सगळ्यांसमोर होतं, त्यावरून माझं वाचन असं आहे. काँग्रेसने नुकतंच कलामांच्या बाजूने सरकारसोबत मतदान केलं होतं. उपराष्ट्रपतीही बिनविरोध झाला असता तर विरोधी पक्ष कुठे आहे, हे दिसलंच नसतं. लढत झाली म्हणून ३०५ हा आकडा कागदावर आला. हरणाऱ्या उमेदवाराची मतं म्हणजे विरोधकांची शिरगणती.

२०२५ मध्ये हे परत दिसलं. ९ सप्टेंबरला राधाकृष्णन यांना ४५२ आणि विरोधकांचे उमेदवार, निवृत्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मतं पडली. २००२ च्या आकड्यांशी ठेवून बघा, किती जवळ आहेत. मतदान झाल्यावर काँग्रेसने आपल्या बाजूच्या ३१५ खासदारांनी मतदान केल्याचं सांगितलं होतं. मोजणीत ३०० निघाली आणि १५ मतं बाद ठरली. ३१५ वजा ३०० म्हणजे १५, म्हणून बाद मतं विरोधकांचीच, असं गणित लगेच मांडावंसं वाटतं. मतदान गुप्त होतं, त्यामुळे हे गणित सिद्ध करता येत नाही. कोणी कुठे मत दिलं हे न कळताही शिरगणतीत खाडा आहे एवढं मात्र कळतं, आणि पक्षांसाठी ती माहिती मोलाची असते.

पण शिरगणतीसाठी एक माणूस लागतो. त्याचं नाव मतपत्रिकेवर येतं, पराभव त्याच्या खात्यावर जमा होतो. २००२ मध्ये शिंदे, २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींसमोर आदिवासी नेते पी. ए. संगमा, २०१७ मध्ये मीरा कुमार. हे सर्वच पक्षांनी केलेलं आहे. दुसऱ्या बाजूला प्रतिभा पाटील, कोविंद, द्रौपदी मुर्मू हे जिंकलेही. म्हणून 'वंचितांना फक्त हरायलाच उभं करतात' असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. शिंदे तर पराभवानंतर पाच महिन्यांनी मुख्यमंत्री झाले. तो पराभवाचा मोबदला होता का, याचा पुरावा माझ्याकडे नाही, त्यामुळे तेही लिहिणार नाही. पण जिंकायची जागा आणि मोजायची जागा यांत फरक आहे. 'चेहरा' हा शब्द दोन्हींना सारखाच चिकटतो आणि तो फरक झाकून टाकतो. गल्लीतल्या लोकांना वाटतं आपला माणूस वर चालला.

माझा तक्ता आता बदलला आहे. पाच रकाने काढून टाकले, तीन प्रश्न ठेवले. निर्णय नक्की कोणाच्या हातात आहे? मतांचं गणित आधीच ठरलेलं आहे का? आणि ठरलेलं असेल तर हे नाव कोणाला काय दाखवायला पुढे केलं जातंय? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं, म्हणून ते तपासता येतं. मॅडमनी अजून चॅप्टर पास केलेला नाही, पण या वेळी तो प्रश्न परत विचारला नाही.

काका आता घरीच असतात. परवा त्यांना ३०५ आणि शिरगणतीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "येवढंच हुतं तर तवा पेपरात का लिवलं न्हाई?"

पुढची पोस्ट उपमुख्यमंत्रिपदावर. तुमच्या भागातली, कुठल्याच रकान्यात न बसणारी एखादी जोडी आठवत असेल तर जरूर सांगा. मला खरंच हवी आहे.